ब्रेकव्हॅनमधलं लुगडं

आम्ही द्वारकेला देवदर्शनासाठी गेलो होतो, असं आमच्या घरात अजूनही सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. आम्ही गेलो ते रेल्वेचा पास वाया जाऊ नये म्हणून.

वडील मालगाडीचे गार्ड होते. मूळचे भुसावळचे, बदलीने जयपूरला आलेले. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहत होतो: वडील, आई आणि मी. वर्षाला जे मोफत पास मिळत त्यांवर चारी धाम करायचे, असा वडिलांचा संकल्प होता. त्यात भक्ती किती होती याचा पुरावा माझ्याकडे नाही. देवासमोर मी त्यांना फक्त गणपतीत आणि पगारवाढीच्या बातमीनंतर उभं राहिलेलं पाहिलं आहे. पण पासवर जितकं लांब जाता येईल तितकं जाणं, हे त्यांच्या मते नोकरीतलं कर्तव्य होतं. बद्रीनाथला रेल्वे जात नाही, म्हणून तो धाम त्यांनी रद्द केला होता. रामेश्वर आदल्या वर्षी उरकलं होतं. आता दोन पास शिल्लक होते. दिवाळीच्या सुट्टीत द्वारका आणि डिसेंबरात पुरी, असं ठरलं.

"आन माझं माहेर?" आईने विचारलं. तिचं माहेर अमरावती जिल्ह्यात, उतरायचं स्टेशन बडनेरा. तीन वर्षांत ती तिकडे गेली नव्हती.

"माहेर काय, कधीही होतं," वडील म्हणाले. "तिथे बघायला काय आहे?"

द्वारकेचं ठरल्याचं आईने माझ्याकडून पत्र लिहवून कळवलं. दोन आठवड्यांनी जुन्या धोतरात शिवलेलं एक पार्सल आलं. आत हिरवं नऊवारी लुगडं होतं, लाल काठाचं. सोबत खण, हळदकुंकवाच्या पुड्या आणि पत्र. आजी चार महिन्यांपासून खाटेवर होती. पडून मांडीचं हाड मोडलं होतं आणि पुन्हा चालणं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पत्र मामाने लिहिलेलं होतं, शब्द आजीचे. ते मी आई-वडिलांपुढे मोठ्याने वाचलं. माझी देवनागरी शाळेतल्या हिंदीवर झालेली, त्यामुळे वऱ्हाडी वाचताना मी दर ओळीला अडखळत होते आणि आई दुरुस्त करत होती. अर्ध्यात तिने दुरुस्त करणं थांबवलं.

"रुक्मिणी आपल्याकडची पोरगी," आजीने लिहवून घेतलं होतं. "कौंडण्यपूरची. इतक्या दूर समुद्राकाठी देल्ली. तिच्याकडं माहेरचं कोन जाते? मी जाईन म्हनत होती, आता काई होत नाई. हे लुगडं तिच्या अंगावर घाल. नुसतं ठेवून नोको येऊ. अंगावर घातलेलं डोयानं पाह्य आन मले येऊन सांग."

पुराणातली रुक्मिणी विदर्भाच्या राजाची मुलगी, आणि तिचं कौंडण्यपूर आजीच्या गावाहून एसटीने जवळ. आजी तिच्याविषयी लांबच्या नात्यातल्या मुलीसारखी बोलत असे. लग्न पळून जाऊन झालं याबद्दल तिची थोडी नापसंती होती, पण जावई बरा निघाला म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

आईने ते पत्र चार वेळा वाचून घेतलं. पुढच्या सगळ्या प्रवासात तिच्यापुढे एवढं एकच काम होतं.

लुगडं जपून न्यायचं, म्हणून तिने ते ट्रंकेत ठेवलं. ट्रंक लोखंडी, कुलूप पितळी. वडिलांना तिने हे सांगितलं नाही, कारण कुठली साडी कशात ठेवली हे त्यांनी लग्नापासून कधी विचारलं नव्हतं. वडिलांनी ट्रंक ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या आणि सामानाच्या डब्यात, बुक केली. दुसऱ्या कुणीही ती बाकाखाली सरकवली असती. पण पासवर ठराविक सामान ब्रेकव्हॅनमधून फुकट नेता येत असे, आणि जे फुकट आहे ते न वापरणं वडिलांना उधळपट्टी वाटायची. शिवाय गार्डाचा आयुष्यभराचा डबा तो. ब्रेकव्हॅनवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

पास ओख्यापर्यंतचा होता. ओखा द्वारकेच्या पुढे, लाइनीच्या अगदी टोकाला, जिथून बोटीने बेट द्वारकेला जातात. पास नेहमी शेवटच्या स्टेशनापर्यंतचा काढायचा, वाटेत कुठेही उतरता येतं, हे वडिलांचं तत्त्व. त्यामुळे ट्रंकही ओख्याची बुक झाली. माणसं द्वारकेला उतरतात, पण ट्रंक उतरत नाही, हे आईला सांगावं असं त्यांना वाटलं नाही. वीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला ते सांगण्यासारखं वाटत नाही.

वाटेत दोनदा गाडी बदलली. दोन्ही वेळा ट्रंक एका ब्रेकव्हॅनमधून दुसऱ्या ब्रेकव्हॅनमध्ये जाईपर्यंत वडील फलाटावर हात मागे बांधून उभे होते. खिडकीबाहेर आमची छागल लटकत होती. ही जाड किरमिचाची पाण्याची पिशवी राजस्थानात प्रत्येक प्रवाशाकडे असे. वाऱ्याने पाणी गार राहतं. द्वारकेला आम्ही होल्डॉल आणि छागल घेऊन उतरलो.

"ट्रंक?" आईने विचारलं.

"जाईल ती बरोबर," वडील म्हणाले. "घरचीच माणसं आहेत."

आईने याचा अर्थ असा घेतला की ट्रंक मुक्कामाच्या खोलीवर जाईल. वडिलांचा अर्थ होता, ओख्याला. गाडी आणि गैरसमज एकाच वेळी फलाटावरून हलले.

सकाळी आंघोळी करून आम्ही देवळाकडे निघालो. वाटेत एक पंडा आमच्याबरोबर चालू लागला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो आमचाच आहे असं त्याने ठरवलं होतं. गोमतीच्या घाटावरून देवळाला छप्पन्न पायऱ्या आहेत असं त्याने सांगितलं. मी चोपन्न मोजल्या. उरलेल्या दोन पाण्याखाली असतील असं त्याचं म्हणणं पडलं.

"असली द्वारका तो छह बार डूब चुकी है," पंडा म्हणाला. "यह सातवीं है."

"सहा वेळा?" वडील थांबले. "मग कोणी सस्पेंड झालं की नाही?"

पंड्याला मराठी कळत नव्हतं. त्याने हात जोडले.

देवळाच्या शिखरावर एक माणूस दोरीशिवाय चढून ध्वज बदलत होता. सगळी गर्दी श्वास रोखून वर पाहत होती. वडीलही पाहत होते, पण त्यांचा आक्षेप रंगाला होता. ध्वज पिवळा होता. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे निघा; पिवळ्यावर गर्दीने काय करायचं ते त्यांना ठरवता येईना. गाभाऱ्यात आम्हाला देव सुमारे दोन सेकंद दिसला. नंतर मागच्या लोकांनी आम्हाला बाहेर काढलं. वडिलांनी खिशातल्या यादीत 'मुख्य मंदिर' यापुढे खूण केली.

मग घाटावर बसून पंड्याने रुक्मिणीची गोष्ट सांगितली. तिचं देऊळ नवऱ्याच्या देवळात नाही. गावाबाहेर, ओख्याच्या रस्त्याला, एकटंच आहे. कारण असं की कृष्ण आणि रुक्मिणी दुर्वास ऋषींना जेवायला आणत होते. ऋषींची अट होती, रथाला घोडे नकोत, तुम्ही दोघांनी ओढा. वाटेत रुक्मिणीला तहान लागली. कृष्णाने अंगठा दाबून जमिनीतून गंगा काढली, आणि रुक्मिणी पाहुण्यांना न विचारता प्यायली. दुर्वासांनी शाप दिला: नवऱ्यापासून वेगळी राहशील. म्हणून तिच्या देवळात आजही पाण्याचं दान करतात.

आई जयपुरात शेजारच्या भाभीजींबरोबर दरवर्षी चाकसूच्या शीतलामातेला शिळा नैवेद्य दाखवून येत असे. देवांच्या आवडीनिवडी चमत्कारिक असतात हे तिला मान्य होतं. ही गोष्ट मात्र तिने मान्य केली नाही.

"बाईनं रथ ओढला आन पानी पेली, तर शाप?" ती म्हणाली. "आन थो बाप्पा रथात बसून होता, त्याले कोनी काई नाई म्हनलं?"

"पुराणात असतं असं," वडील म्हणाले.

"पुरानात कायले? आपल्याच घरी पाहा न. कालपासून छागलीचं पानी तुमी मोजून देऊन रायले."

पंडा म्हणाला, आता चला, रुक्मिणीचं दर्शन. आई उठली. "आधी खोलीवर. ट्रंक आली असन आता, उघडायची हाये. तिचं लुगडं हाये त्यात."

वडिलांनी घड्याळ पाहिलं, जणू उत्तर तिथे होतं. "ट्रंक ओख्याला आहे," ते म्हणाले.

"ओख्याले कायले?"

"बुकिंग ओख्याचं आहे. सामानाला ब्रेक जर्नी नसते."

हा नियम त्यांनी इतक्या शांतपणे सांगितला की आईला आधी तो पटल्यासारखा वाटला. मग तिचा चेहरा बदलला. ती पुन्हा पायरीवर बसली. पंड्याने सुचवलं की दर्शन आज घ्या, साडी मागाहून द्या.

"रिकाम्या हातानं माहेरची बाई जात नाई," आई म्हणाली आणि तिथून हलली नाही.

वडील एकटे जाऊन आले. यादीत खूण करायची होती. परत आल्यावर त्यांनी अहवाल दिला: देऊळ चांगलं आहे, कोरीव काम भरपूर, मूर्ती लहान. "नऊवार तिला फार होईल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही ओख्याला गेलो. परतीची गाडी त्याच दिवशी पाचच्या सुमारास ओख्याहूनच सुटणार होती. वडिलांची रजा संपत होती. ती गाडी चुकली तर ते ड्यूटीवर गैरहजर लागणार होते, आणि त्यांच्या सबंध नोकरीत तसं एकदाही झालं नव्हतं. ट्रंक पार्सल ऑफिसात आहे असं कळलं. पार्सल बाबू चहाला गेले आहेत असंही कळलं. वडिलांनी आपण स्टाफ असल्याचं सांगितलं. तिथल्या हमालाने सांगितलं की बाबूही स्टाफच आहेत, म्हणूनच चहाला गेले आहेत. बाबू आले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

आईने फलाटावरच ट्रंक उघडली आणि लुगडं, खण, पुड्या काढून घेतल्या.

"आता काय करणार?" वडील म्हणाले. "गाडी द्वारकेला चार-पाच मिनिटं थांबते. तेवढ्यात गावाबाहेर जाऊन येणं शक्य नाही. असं करू, पुजाऱ्याच्या नावाने पार्सल करू. इथूनच ब्रेकव्हॅनने—"

आईने त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमी ट्रंक घ्या आन गाडीत बसा," ती म्हणाली. "मी बसनं चालली. देऊळ रस्त्यावरच हाये. तिथून टेशनवर येतो. गाडी किती वाजता लागते द्वारकेले?"

"साडेपाच. पण पास एकच आहे, माझ्याकडे. आणि बेट द्वारका राहिली."

"तुमी जा बेटावर. यादीत खून करा."

वडील बेटावर गेले नाहीत. ती खूण यादीत करायची कायमची राहून गेली. आई मला आणि छागल घेऊन बसमध्ये चढली. बसने आम्हाला तीनच्या सुमारास देवळापाशी उतरवलं. देऊळ बंद होतं. पाच वाजता उघडेल, असं दारावर लिहिलेलं होतं.

आम्ही ओट्यावर बसलो. आजूबाजूला सपाट, खारट जमीन. झाड जवळपास नव्हतं. दाराशी पाण्याचा मोठा माठ होता, दान टाकायचा. साडेतीन वाजता आईला तहान लागली. तिने छागलीचं बूच काढलं, थांबली, बंद दाराकडे पाहिलं आणि आधी स्वतः पोटभर प्यायली. मग मला दिलं. मग उरलेलं पाणी माठात ओतलं.

"पाहू," ती म्हणाली, "कोन शाप देते."

पाचला पाच मिनिटं असताना पुजारी आले. झोपेतून उठलेले, शांत गृहस्थ. त्यांनी दार उघडलं. मूर्ती खरोखर लहान होती, आणि पूर्ण साजशृंगारात.

"बहनजी, चढ़ावा उधर रख दीजिए," पुजारी म्हणाले. तिकडे साड्यांचा ढीग होता.

"रखने को नहीं लाई," आई म्हणाली. पंधरा वर्षं जयपुरात राहूनही तिचं हिंदी वऱ्हाडातच राहत होतं. "उसके अंगपर डालने की है. मैं उसके मायके की हूँ."

"सब मायके से ही आती हैं. आप आज की तीसरी हैं."

"बाकी की दो किधर की?"

"एक नासिक की थीं, एक पूना की."

आई माझ्याकडे वळली. "नाशिक-पुनं? थे माहेर कसं झालं? थे तर शेजारबी नाई." मग पुजाऱ्यांना म्हणाली, "मैं अमरावती की. कौंडण्यपूर हमारे बाजू में है. असली मायका."

पुजाऱ्यांनी मान डोलावली. नाशिक आणि पुण्यालाही त्यांनी अशीच डोलावली असावी. शृंगार झालेला आहे, ते म्हणाले. आता उद्या सकाळी बदलेल, आणि साड्या नंबराने लागतात. आईने सांगितलं की तिची आई खाटेवर आहे आणि तिने डोळ्यांनी पाहून यायला सांगितलं आहे. पुजारी म्हणाले, खाटेवर बऱ्याच जणींच्या आया असतात. हे त्यांनी उद्धटपणे म्हटलं नाही. माहिती म्हणून सांगितलं.

आई उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसली. "तो मैं बैठती. कल सुबह तक."

सव्वापाच होत आले होते. "आई, गाडी," मी म्हणाले.

"गाडी तुह्या बापाची हाये," ती म्हणाली. "थांबवन थो."

पुजाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाहेर आणखी कोणी नाही ना ते पाहिलं. हात पुढे केला. लुगड्याची घडी उघडायला लागले तर ती संपेना. "इतनी लंबी?" ते म्हणाले. "इसमें तो देवी खो जाएगी." शेवटी त्यांनी ते चारपदरी करून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवरून पांघरलं. खालचा सगळा शृंगार झाकला गेला. हिरव्या रंगातून फक्त चेहरा वर राहिला, थंडीत गोधडी घेऊन बसलेल्या बाईसारखा. आईने खण-नारळ पुढे ठेवला. नारळ तिने ओख्याच्या बसस्टँडवर घेतला होता. तिने हात जोडले नाहीत. जोडायचं विसरली असावी. ती फक्त पाहत होती, पत्रात सांगितल्याप्रमाणे.

मिनिटभराने पुजाऱ्यांनी लुगडं काढलं, काठाला कुंकू लावलं आणि परत आईच्या हातात दिलं.

"नहीं नहीं, ये उसका है," आई म्हणाली.

"देवी ने पहन लिया. अब आपकी माँ का है, उन्हें पहनाइए. यहाँ ढेर में पड़ा रहेगा. नौ गज की यहाँ कौन पहनेगा?"

आईने लुगडं घडी करून छातीशी धरलं. बाहेर एक छकडा उभा होता, मोटारसायकलला मागून गाडा जोडलेला. आम्ही त्यात अक्षरशः उड्या टाकल्या.

स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी उभी होती. वडील डब्यात नव्हते. ते शेवटच्या डब्यापाशी त्या गाडीच्या गार्डाशी बोलत होते, आणि गार्ड हसत होता. आम्हाला पाहून वडिलांनी बोलणं तोडलं आणि सवयीने हात हलवून इशारा दिला. आम्ही चढलो, मग ते चढले, मग गाडी सुटली. ती द्वारकेहून चार मिनिटं उशिरा सुटली. कारण कुठे तरी नोंदलं गेलं असेल. मी ते पाहिलेलं नाही, आणि वडिलांनी आयुष्यभर त्यावर बोलायला नकार दिला.

आईच्या मांडीवरचं लुगडं त्यांनी बऱ्याच वेळाने पाहिलं.

"म्हणजे दिलंच नाही?"

"देल्लं. तिनं घातलं. आन आईसाठी वापस देल्लं."

वडिलांनी काठावरचं कुंकू पाहिलं. "मग आता हे अमरावतीला पोचवायचं कसं? पार्सलने?"

आई खिडकीबाहेर पाहत राहिली. "मले येऊन सांग म्हनलं हाये तिनं. पत्रात लिहिलं हाये. पोरीनं वाचलं, तुमी आयकलं."

चार स्टेशनं गेली. पाचव्या स्टेशनावर वडील उतरून छागल भरून घेऊन आले आणि न मोजता आईच्या हातात दिली.

जयपूरला पोचल्यावर त्यांनी पुरीचा पास रद्द केला आणि नवा अर्ज लिहायला घेतला. 'जयपूर ते नागपूर,' त्यांनी लिहिलं.

"नागपूर कायले?" आई मागे उभी होती.

"मिळतो तर शेवटपर्यंत घ्यावा. उतरू आपण बडनेऱ्याला."

"बडनेरा लिहा. त्याच्यापुढं एक टेशनबी नोको."

त्यांनी नागपूर खोडलं. अर्जावर खाडाखोड करण्याची ती त्यांची पहिली वेळ असावी. डिसेंबरात आम्ही निघालो. ट्रंक वडिलांनी ब्रेकव्हॅनमध्ये दिलीच. लुगडं मात्र जयपूर ते बडनेरा आईच्या मांडीवर होतं. झोपतानाही तिने ते उशाला घेतलं नाही, कवेत धरलं.

आजी खाटेवर तक्क्याला टेकून बसली होती. तिने लुगडं हातात घेतलं, कुंकवाच्या डागावर बोट ठेवलं आणि देवळाविषयी, समुद्राविषयी, प्रवासाविषयी काहीही विचारलं नाही.

"कशी हाये पोरगी?" ती म्हणाली. "सुकली का?"

"बारीक हाये," आई म्हणाली. "पन बरी हाये."